चुडाव्याची सीट

डोक्यावर ट्रॅक्टरची सीट उलटी घेऊन पावसातून पळत येणारा माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तो पूर्णा स्टेशनातून बाहेर पडला आणि नेमका मी उभी होते त्याच चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली शिरला. भाद्रपदातली सर होती, तिरपी आणि खोडकर. तोंडाला ओढणी लावून हळूच हसावं, तर तेवढंही मला जमलं नाही. मी खदखदून हसले.

"हसा, हसा," सीट उतरवत तो म्हणाला. "केस तर कोरडे ऱ्हायले न्हवं?"

"केस ऱ्हायले. बाकीचा मानूस वाहून गेला."

त्यानं स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तोही हसला. हसला की त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे... आता लपवायचं कशाला? तेव्हाच आवडला तो मला.

"किशनराव सीटवाल्यांचं दुकान कुठं आलं हो?"

किशनराव म्हणजे माझे बापू. टांग्याच्या, जीपच्या, आणि नव्यानं यायला लागलेल्या ऑटोंच्या सीटा ते शिवायचे. पण लगेच सांगून टाकलं तर ती मी कसली!

"दावते की. पन जपून बोला, लय तिरसट मानूस हाय. अन् त्यांची पोरगी तर त्यांच्यावरताण."

"पोरीशी आपल्याला काय करायचंय? सीट शिवायची हाय."

"शिवते तीच."

सर ओसरली तशी मी पुढे आणि तो मागे, असे निघालो. दुकानात शिरून मी सरळ शिलाई मशीनवर जाऊन बसले. दारात उभ्या त्या माणसानं जीभ चावली आणि हळूच कानाची पाळी धरली. बापूंना काहीच कळलं नाही.

त्याचं नाव बन्सीधर, गाव चुडावा. त्याच्या आजोबांनी, आबासाहेबांनी, निजामाच्या काळात हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराच्या बगीच्यातलं छोटं विलायती ट्रॅक्टर विकत आणलं होतं. ट्रॅक्टर कसलं, जेमतेम म्हशीएवढं. पण मोसंबीच्या दोन ओळींमधून तेच तेवढं जायचं. कित्येक वर्षं ते गोठ्यामागे पडून होतं. बन्सीधरनं खटपट करून इंजिन चालू केलं, पत्र्याला लाल रंग दिला. राहिली होती ती सीट. लोखंड गंजलेलं, वरचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, आतला काथ्या बाहेर आलेला.

"रेक्झिन चढवून देऊ का?" बापूंनी विचारलं.

"न्हाई मामा. व्हती तशीच पायजे, कातड्याची. आबासाहेबांला एकदा बसायचंय तिच्यावर. मंग मीच चालवनार."

बापूंना असं गिऱ्हाईक लय आवडायचं. त्यांची एक रीत होती: बसणाऱ्याचं माप घेतल्याशिवाय ते सीट शिवत नसत. ओल्या वाळूचं पोतं मांडायचं, गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं, आणि तो उठल्यावर जो खळगा उरेल त्याप्रमाणे आतलं भरण कापायचं. बन्सीधर बसला, पण लाजून अर्धाच.

"नीट बसा की," मी म्हटलं. "सासुरवाडीला आल्यासारखं कामून बसलाव?"

तो लाल झाला. बापू उगाचच खोकले. मीही लाल झाले असणार, कारण तोंडातून गेलेला शब्द आता परत घेता येत नव्हता.

बापूंची नजर अधू झाल्यापासून दाभण माझ्याच हाती होतं. मी रॉकेलनं गंज काढला, लोखंड घासून स्वच्छ केलं. नवा काथ्या भरून वर मेंढीच्या लोकरीचा थर दिला. कातडं पाण्यात भिजवलं आणि ओलं असतानाच ताणून चढवलं. वाळलं की मग ते अंगासरसं बसतं. टाका घालताना सारखे ते बारीक होणारे डोळे आठवत होते, आणि तरी टाके सरळ आले याचं मला अजून नवल वाटतं.

सीट गेली. आणि थोड्याच दिवसांत परत आली.

"डावीकडं टोचायलंय," बन्सीधर म्हणाला. सोबत पिशवीभर मोसंबी होती. "बागेत उरली व्हती," असंही म्हणाला.

मी शिवण उसवून पाहिली. आत टोचण्यासारखं काहीच नव्हतं. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "आता उजवीकडं."

"मधी कधी टोचनार?"

"तुमी म्हनाल तवा."

बापू कुरकुरायला लागले. त्यांच्या हातची सीट कधी परत आली नव्हती. मी मात्र मान खाली घालून सीट उसवायची, पुन्हा शिवायची, आणि परतीच्या गाडीची वाट बघत तो समोर बसून राहायचा.

"तुमचं नाव काय म्हनलं?"

"धुरपता. आजीचं हाय. हसायचं न्हाई."

"हसलो का? चांगलंय की. आमच्या ट्रॅक्टरला बी अजून नाव ठिवलं न्हाई..."

"ठिवून तर बगा!"

असं छान चाललं होतं. मग नवरात्र बसलं आणि माझी आत्या, केशरबाई, वसमतचं स्थळ घेऊन आली. मुलगा नोकरीला होता, घर भरलेलं होतं. दसऱ्याला पाहुणे मला बघायला येणार असं ठरलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण तरी काय होतं? उजवीकडे टोचतंय म्हणणारा एक माणूस?

तो पुन्हा आला तेव्हा बापू चहाला गेले होते. मी मशीनवरची नजर न काढताच म्हटलं, "दसऱ्याला वसमतचे पाव्हणे यायलेत... मला बगायला."

कातड्यावरून फिरणारा त्याचा हात थांबला. मी वाट पाहिली. आता बोलेल, आता बोलेल...

"बरं," तो म्हणाला. सीट उचलली आणि स्टेशनाकडे चालू लागला.

बरं! मला इतका राग आला की सुई मोडली, आणि सुई मोडली म्हणून मी रडले असं बापूंना सांगितलं. खरं एवढंच होतं की मला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि त्याला माझं काहीच नव्हतं.

खंडेनवमी आली. आम्ही मशीन पुसलं, कात्री, दाभण, हातोडी धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही. बापू उदबत्ती ओवाळत होते, तेवढ्यात दारात सावली पडली.

बन्सीधर. छातीशी सीट.

"मामा, शिवण गेलीय."

बापूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पाटाकडे. "आज काय हाय, बन्सीधर?"

त्यानं पाट पाहिला, झेंडूखालचं दाभण पाहिलं, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुज्या घरी औत, कुऱ्हाड, इळा पूजेला मांडले असतील," बापू म्हणाले. "त्या ट्रॅक्टरला बी हार घातला आसंल. अन् शेतकऱ्याचा पोरगा असून तू आजच त्याची सीट काडून आनलीस?"

बापूंनी सीट हातात घेतली, शिवणीवरून सावकाश अंगठा फिरवला.

"हिला काई झालं न्हाई."

"न्हाई, मामा."

"मागच्या खेपांला?"

"तवा बी न्हाई."

"मंग आलास कामून?"

"तुमची धुरपता मागायला."

मी भिंतीला टेकले.

"त्या दिशी 'बरं' म्हनून गेलो ते घरी विचारायलाच," तो घाईघाईनं बोलत सुटला. "हिम्मत व्हायला येळ लागला. शेवटी आज पहाटं आबासाहेबांला सांगितलं. ते म्हनले, मंग हितं काय बसलास? गाडी धर."

"अन् सीट कामून आनलाव?" मला राहवलंच नाही.

"रिकाम्या हातानं हितं कधी आलोच न्हाई. दारात उभं ऱ्हाऊन म्हनावं काय, कळंना. काडली सीट, आलो... नवमी ध्यानातच न्हाई आली."

खंडेनवमी विसरलेला शेतकरी! माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

बापूंनी सीट पाटाशेजारी टेकवली. पोरगा त्यांना आवडायचा, ते मला माहीत होतं. पण वसमतला 'बघायला या' असा निरोप धाडून झाला होता. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"धुरपते, उद्या पाव्हणे यायलेत. काय कळवू? या म्हनू का नको म्हनू?"

बन्सीधर माझ्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर जमिनीवर होती आणि मुठी आवळलेल्या होत्या.

"या म्हना, बापू."

त्याची मान आणखी खाली गेली.

"पन उद्या नगं," मी म्हटलं. "माज्या अन् यांच्या लग्नाला."