मागच्या सीटचा पट्टा

रात्री पावणेदोन वाजता माझ्या लेकीनं, आवडीनं, पहिली उलटी केली, तिथून हे सुरू झालं. पुंजाराममामा गच्चीवर पोरांना गोळा करून ही गोष्ट सांगतात तेव्हा बारा वाजवतात आणि अमावस्या लावतात. "माझ्या वळखीच्या एका बाईबरोबर घडलेलं हाय, खोटं नाय," म्हणतात. ती बाई मी. अमावस्या नव्हती. पौषातली पुनव होऊन चार दिवस झाले होते, चांदणं चांगलं पडलं होतं. मामा माझ्या नवऱ्याचे मामा, वयानं मोठे. त्यांना मध्येच टोकता येत नाही. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

आमची गाडी विजेवरची आहे, लहान. यांना वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जायला घेतली. खिडकीतून वायर बाहेर काढायची, रात्रभर लावायची, सकाळी भरलेली. शेजारचे विचारतात, "काय हो, गाडीला सेल किती लागतात?" आवाज म्हणून नाही तिला. गल्लीत म्हैससुद्धा बाजूला होत नाही. माझा जीव मात्र सारखा त्या टक्क्यांच्या आकड्यावर. गॅसवर दूध ठेवलंय अशी नजर लावून बसते.

देवगाव रंगारीला मामांच्या नातवाचं जावळ होतं. आम्ही आदल्या दिवशीच गेलो. हे रात्रपाळी करून तसेच निघालेले, डोळे लाल. मीही दोन रात्री झोपले नव्हते, आवडीला दात येत होते. पोचायला संध्याकाळ झाली. गेल्या गेल्या गाडी ओसरीतल्या प्लगला लावली. दिवेलागणीला भागूबाई मामींनी ती वायर काढली आणि तिथं घरघंटी लावली. उद्याच्या पंगतीचं पीठ दळायचं होतं. दळण झालं. वायर परत कुणीच लावली नाही.

आणि पावणेदोनला लेकरू तव्यासारखं तापलं. उलटी झाली, डोळे वर जायला लागले. गावातला डॉक्टर सिल्लोडला लग्नाला गेलेला. यांनी पळत जाऊन गाडी उघडली.

"चौतीसच टक्के? संध्याकाळपासून लावली होती ना?"

मामी कपाळाला हात लावून उभ्या. "मला काय ठाव बाबा, गाडी बी जेवती म्हणून!"

एरवी हसले असते. आकडा म्हणत होता, एकसष्ट किलोमीटर जाईन. शहर पन्नासच्या आसपास. मामांची मोटरसायकल होती, पण तापलेलं लेकरू त्या थंडीत दुचाकीवर कसं न्यायचं?

"पुरंल. चल दिगू, बघत काय बसला," मामा म्हणाले आणि मफलर गुंडाळून पुढं बसले. मी आवडीला मांडीवर घेऊन मागं. शेजारच्या सीटवर कपड्यांची पिशवी.

"हीटर लावू का?" यांनी विचारलं.

"नको. चार्ज खातो तो." मीच म्हणाले. लेकराला गोधडीत गुंडाळलं.

कसाबखेडा मागं टाकलं आणि आवडीला परत उलटी झाली. पुढं एक लहान पूल आहे, तिथं थांबलो. पुलाच्या कठड्याला गोधडी टाकून तिला टेकवलं, तोंड धुतलं. आजूबाजूला काही नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि चांदणं.

आता माझी चूक सांगते. माझ्या सासूबाईंनी, सारजाबाईंनी, मला दोन गोष्टी शिकवल्यात. लेकरू जिथं टेकवलं तिथून निघताना त्याला नाव घेऊन हाक मारायची, म्हणजे त्याचं मन तिथं राहत नाही. आणि रात्री उघड्यावर लेकराचं नाव घ्यायचं नाही. दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी थकले होते. नाव गिळलं आणि म्हणाले, "चल गं बाय. चल, बस गाडीत. मागं राहू नको."

बसलो. दारं लावली. गाडी निघाली.

टिंग. टिंग. टिंग.

मागं बसलेल्यानं पट्टा लावला नाही की गाडी असं वाजते. पिशवीच्या वजनानंही वाजते, आम्हाला सवय आहे. मी पिशवी उचलून पायाशी ठेवली.

टिंग. टिंग.

"अगं, पट्टा लाव ना," हे वैतागले.

"माझा लावलाय."

"मग तो दुसरा लावून टाक, गप बसंल ते."

बाजूची सीट मोकळी होती. मी हात लांबवून तिथला पट्टा ओढला आणि खाचेत दाबला. वाजायचं थांबलं.

मग शांतता. दुसऱ्या गाडीत इंजिनाच्या आवाजाखाली सगळं झाकून जातं. आमच्या गाडीत काही झाकत नाही. चाकांचं घासणं ऐकू येतं. मामांचा श्वास ऐकू येतो. आवडीचा तापातला कण्हण्याचा आवाज.

आणि बांगड्या.

माझ्या हातात त्या दिवशी प्लॅस्टिकच्या दोन, त्या वाजत नाहीत. ह्या काचेच्या होत्या. हळूच. लेकराला थोपटताना वाजतात तशा.

मी मामांकडं पाहिलं. मामा मागं वळले नाहीत. पण त्यांची मान ताठ झाली होती.

"हे बघ," हे म्हणाले, "आकडा किती भराभर उतरतोय. चार मोठी माणसं बसल्यासारखा." मग त्यांनी आरशाकडं बघायचं टाळलं. शहर पंचवीस किलोमीटर. गाडी म्हणत होती, सव्वीस.

मामांनी हळू विचारलं, "सूनबाई, पुलापाशी निघताना काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"नाव घेतलं व्हतं?"

"रात्री कसं घेणार, मामा..."

मामांनी मफलर कानांवर ओढला. म्हणाले, "मग बोलावलं आपणच."

"मामा, गप बसा हो. सेन्सर खराब असतो," हे म्हणाले.

"बरं, सेन्सर तर सेन्सर. पण मधी थांबायचं नाय, दिगू. बोलावलेल्या माणसाला आडरानात उतरवत नसतात."

मला शेजारी बघायचं नव्हतं. बघितलं.

सीट मोकळी होती. पट्टा मात्र सीटला टेकलेला नव्हता. वीतभर वर होता. माणसाच्या अंगावरून जातो तसा. फुगीर. ताणलेला.

आणि तो हलत होता. वर... खाली.

मी ओरडले नाही. आवडीला छातीशी धरलं आणि डोळे मिटले. लेकराचं कण्हणं थांबलं. वाकून पाहिलं. झोपली होती. घाम फुटला होता कपाळावर.

कुणीतरी गुणगुणत होतं. शब्द नव्हते. मी नव्हते.

शहर आलं. दिवे आले. आकडा दोन टक्क्यांवर. गाडी बैलगाडीसारखी चालायला लागली. दवाखान्याचं फाटक दिसलं आणि हे रडायला लागले, स्टिअरिंग धरूनच.

फाटकाच्या आत गाडी थांबली. मामा उतरले. माझ्या बाजूचं दार त्यांनी उघडलं नाही. पलीकडचं उघडलं. डोक्यावरचा मफलर काढून हातात घेतला.

"सूनबाई, पट्टा सोड."

मी हात पुढं केला. बटण दाबताना हाताला गार लागलं. हिवाळ्याचं गार नव्हे. ओल्या मातीचं.

पट्टा सुटला. पण एरवी झटक्यानं आत जातो, तसा गेला नाही. हळूहळू गेला. कुणी हातानं सोडावा तसा.

"दवाखाना आला, बाई," मामा म्हणाले. "उतरा."

... ...

काही नाही. गाडी एका बाजूनं जराशी वर उचलल्यासारखी झाली, इतकंच.

आत नेलं. मामांची गोष्ट इथं संपते, पोरं ओरडतात, मामा हसतात. पुढचं त्यांना माहीत नाही.

आवडीला सलाईनची बाटली लावायची होती. हाताची शीर सापडेना. नर्सबाईंनी पायाचे मोजे काढले. एकावर एक दोन मोजे होते, वरून घोट्याला नाडी मीच बांधलेली.

"काय हो ताई," त्या म्हणाल्या, "ताप एवढा आणि तुम्हाला काजळ सुचतं?"

डाव्या तळव्यावर काजळाची तीट होती. मोठी, गोल. मी गालाला लावते, पायाला कधीच नाही. आणि माझी काजळाची डबी देवगावला मामींच्या कपाटात राहिली होती.

नर्सबाईंनी बोटानं पुसली. ती ओली होती.

आवडी आता बरी आहे, भिंत धरून चालते. गाडी पूर्वीसारखीच चालते, वायर मी स्वतः तपासून झोपते. मागच्या सीटवर पिशवी ठेवते, मोकळी ठेवत नाही.

तुम्ही त्या रस्त्यानं जात असाल आणि लेकरू बरोबर असेल, तर पुलापाशी त्याचं नाव घ्या, हळू आवाजात का होईना. आणि तिकडची कुणी बाई, दवाखान्यात जायला गाडीची वाट बघता बघता तिथंच राहून गेलेली, तुमच्या ऐकण्यात असेल, तर तिच्या माणसांपर्यंत एवढा निरोप पोचवा. ती आता पुलावर नाही. दवाखान्यात पोचली म्हणावं.