ट्यूबच्या पट्टीची गाठ

जेवणं उरकून पोरं ओट्यावर टेकली, त्यात लाईट गेली, तसे भिमाजीतात्या बोलू लागले. गोष्ट त्यांच्या मेव्हण्याची, गहिनीनाथची. सुप्याकडच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराचा सुपरवायझर होता.

“खोटं वाटलं तर त्यालाच इचारा. फकस्त उजवी बाही वर करायला लावू नका.”

कार्तिकातली अमावस्या, शनिवार, रात्रीचे नऊ. गहिनीनाथ एक अंगठा आणायला निघाला होता.

पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत सापडायलाच नको. पण त्यानं माल कमी निघतो. म्हणून गहिनीनाथ एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधून ठेवायचा. एका हातानं पत्रा सारा, दुसऱ्यानं बटण दाबा. प्रेसवरच्या अजिनाथचा उजवा हात असाच गेला, मनगटापासून. त्याच रात्री गहिनीनाथनं पट्टी सोडून शेकोटीत जाळली.

ठेकेदारानं कामगारांचा विमा काढलाच नव्हता. कामावर हात गेला म्हटलं तर भरपाई त्याच्याच बोकांडी बसणार. म्हणून कागद केला, की अजिनाथ घरी जाताना मोटरसायकलवरून पडला; त्यावर अजिनाथचाच अंगठा उठवायचा होता.

“डावा अंगठा शाबूत हाय ना? तोच लागतो,” म्हणून ठेकेदार हसला.

इथं तात्या अंधारात पचकन थुंकले.

गहिनीनाथच्या मोटरसायकलनं पारनेर मागं टाकलं. वस्तीच्या फाट्यावर शाल पांघरून अजिनाथच उभा.

“काय रे, जखमेचा ताप उतरला व्हय?”

“उतरला, गहिनीभाऊ. आमच्या घरीच निघालाय ना? चला.”

तो मागं बसला. गाडी दबली नाही. हे गहिनीनाथच्या ध्यानात आलं, पण उशिरा.

डाव्या खांद्यावर हात आला. गार.

“अंगठा दिल्यावर माझ्या पोरींचं काय, भाऊ?”

“ठेकेदार बघतील की.”

गाडी खड्ड्यांत आदळत राहिली.  

“खड्डे लई हायत. दोन्ही हातांनी धरू का? मशिनीला तर तुमी एकच लागू दिला.”

गहिनीनाथच्या उजव्या मनगटाला काहीतरी आवळलं.

त्यानं मागं पाहिलं नाही...

अजिनाथच्या दारात गाडी आडवी झाली. मागं कोणी नव्हतं. अंगणात माणसं. मधोमध अजिनाथ. पांढऱ्या कापडात. दिवेलागणीलाच गेला होता.

त्याची बायको सविता उठून आली. रडत नव्हती.

“अंगठा न्यायला आलाय? घ्या की. आता न्हाई म्हणायचा न्हाई तो.”

मग तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. काळी पट्टी. ट्यूबची.

“हीच ती. मरेस्तोवर हिचंच सांगत हुते. आता बोला ह्या समद्यांपुढं, कुठं पडला माझा मानूस?”

गहिनीनाथ बोलला. सगळं. पुढं कोर्टातही तेच बोलला. सविताचा दावा त्या जबानीवर उभा आहे, अन् ठेकेदार अजून तारखा घेतोय.

“पट्टी त्या राती कातरीनं कापली, वळ मातर ऱ्हायला,” तात्या म्हणाले. “सविताकडं हाय. गाठ तशीच. गहिनी बटणाला मारायचा तीच, दुहेरी, आवळून.”

ओट्यावरची पोरं जवळ सरकली.

“तशी गाठ मारायला... दोन हात लागत्यात.”