दुपारचा बिघाड

बोटीतून उतरताना यिंगरूचा एक हात राउटरच्या खोक्यावर होता आणि दुसरा तोंडावर. पेंगहू बेटांवरचा हिवाळी वारा म्हणजे उभ्या माणसाला आडवं करणारा! धक्क्यावर एका तरुणानं खोकं अलगद काढून घेतलं आणि तिच्या तळहातावर एक खारवलेलं आलुबुखार ठेवलं.

"चघळा. पोटातला समुद्र शांत होईल."

तो शांगवेइ. बेटावरच्या बोटीची तिकिटं फाडायचा, दोर बांधायचा, आणि बोलायचा... फार बोलायचा.

तिकीट कचेरीत राउटर मांडून यिंगरू लॅपटॉपवर वाकली. राउटरची दोन तोंडं – एक मोठ्या बेटावरच्या माकुंग शहरातल्या मुख्य कचेरीकडे, दुसरं इथल्या संगणकांकडे. प्रत्येकाला त्याचा पत्ता दिला, वेग ठरवला, मग एकेक तोंड सुरू केलं. हिरवा दिवा लुकलुकला. तरी तिनं सगळं पुन्हा तपासलं. मग परत एकदा.

"गॅस बंद केलाय का बघायला घरीसुद्धा दोनदा मागे फिरता वाटतं?" शांगवेइनं विचारलं.

"तीनदा," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

"पण त्या वेगाचं एवढं काय?"

"दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही ना, तर बोलणं अडखळतं. तुटतंसुद्धा."

"आपला तर जुळतोय की."

तिनं मान वर केली नाही. कान मात्र तापले.

थोडे दिवस बरे गेले. मग लाइन तुटायला लागली – रोज, नेमकी जेवणाच्या सुट्टीत. माकुंगला आपल्या कंपनीत बसलेल्या यिंगरूच्या पडद्यावर त्या तोंडाचा दिवा लाल व्हायचा आणि लगेच मदतकक्षाचा फोन वाजायचा.

"मॅडम, गेली हो लाइन!"

"वायर नीट बसलीय?"

"बघतो... थांबा हं... जेवलात का?"

"शांगवेइ, वायर!"

"बघतोय ना! आज आमच्याकडे कालवांची भजी. तुमच्याकडे काय?"

थोड्या वेळात लाइन यायची. फोन ठेवल्यावरही यिंगरूच्या ओठांवर हसू रेंगाळायचं. तिच्या साहेबांना, केसाहेबांना, मात्र लाल दिवेच दिसत होते.

"चूक तुझ्या मांडणीत आहे. ती सापडली नाही, तर नोकरी कायम होईल हे विसर."

रजा काढून ती पुन्हा बोटीत बसली.

पत्ते बरोबर होते. वेग जुळत होते. वायर नवी कोरी. सुट्टी झाली, तशी ती दिव्याकडे टक लावून बसली. दिवा हिरवा. सुट्टी संपत आली, तरी हिरवाच. शांगवेइ समोर नुसताच नूडल्स ढवळत होता. एरवी टकळी बंद न होणारा माणूस आज चिडीचूप.

"आजच का नाही तुटली?"

"आज..." त्यानं वाडगा खाली ठेवला. "आज तुम्ही इथेच आहात ना."

क्षणभर तिला कळलंच नाही. मग एकदम कळलं.

"तू वायर काढत होतास?"

"जेवणाच्या सुट्टीत बोट नसते... कुणाचं अडत नव्हतं, म्हणून –"

"माझं अडलं! माझी नोकरी जातेय, शांगवेइ!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं तडक मदतकक्षाला फोन लावला आणि तिच्या साहेबांना बोलावून घेतलं.

"केसाहेब? मांडणीत काही चूक नाही. वायर मी काढायचो. हो, रोज... का म्हणजे? त्यांच्याशी बोलायला मिळावं म्हणून."

पलीकडून असा आवाज चढला, की धक्क्यावर जाळी विणणाऱ्या मावशींनीही वळून पाहिलं. बऱ्याच वेळानं शांगवेइनं फोन कानापासून दूर धरला.

"तुमची नोकरी पक्की म्हणतायत. माझ्या मालकांना मात्र सगळं कळवणार आहेत."

"बरं होईल!" तिनं लॅपटॉप धाडकन मिटला. "साधा फोन करता येत नव्हता?"

"कुठे करणार? माझ्याकडे फक्त मदतकक्षाचा नंबर. काही बिघडल्याशिवाय तिथे फोन कसा करायचा?"

बोटीचा भोंगा झाला. यिंगरूनं त्याचा मोबाइल हिसकावला, त्यात आपला नंबर घातला, त्याच्या हातात कोंबला आणि मागे न बघता चालू लागली.

बोट धक्क्यापासून सुटते न सुटते, तोच तिच्या खिशात फोन वाजला.

"काय झालं? लाइन गेली?"

"नाही. सगळं हिरवं आहे." वाऱ्यात त्याचा श्वास ऐकू येत होता. "काहीच बिघडलेलं नाही..."

"मग?"

"मग... आवडता तुम्ही मला. एवढंच."

बोट लाटेवर चढली. यिंगरूनं एका हातानं कठडा घट्ट धरला, दुसऱ्यानं फोन.

"तुम्ही काय, तुम्ही?" ती म्हणाली. "तू म्हण."