काटेरान

तुला खरं वाटलं नाही तरी चालेल. जसं झालं तसं सांगते.

सोमवारची दुपार होती. दादरला फरसाण घेतलं आणि चालतच हिंदमाताकडे निघाले. तिथं हितेंद्रच्या काकांचं साड्यांचं दुकान आहे. सोमवारी ते बंद असतं, म्हणून आमचा खेळ सोमवारी. दुकानाच्या वर माळा आहे, कापडाचे तागे ठेवायला. तागे उलगडायचं लांबलचक टेबल आम्हाला आयतंच मिळालं होतं.

खेळ साधा आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. चौकटी आखलेल्या कागदावर आपापली सोंगटी हलवायची आणि काय घडलं ते फाशांवर ठरायचं. गोष्ट सांगायचा धम्मपाल. तो परळला कॉलेजात शिकवतो. हितेंद्र योद्धा व्हायचा, मी रानातली मांत्रिक. आणि चौथा अभय, धम्मपालच्या बहिणीचा, प्रितीचा नवरा. गेल्या वर्षी वडाळ्याला त्याच्या बाईकला ट्रकनं उडवलं. तेव्हापासून खेळ बंदच होता. प्रिती माहेरी परत आली होती, पण कुणाशी धड बोलायची नाही. "तिला आणतो, जरा मन रमेल," असं धम्मपालच म्हणाला आणि आम्ही पुन्हा बसलो.

प्रितीनं अभयचीच सोंगटी उचलली.

त्या दिवशीच्या गोष्टीत आम्ही एका पडक्या बुरुजात अडकलो होतो. वर यायला एकच जिना. खालून काहीतरी येतंय, एवढंच धम्मपाल म्हणाला आणि मी लगेच मंत्र टाकला. काटेरान. जमिनीतून काटे उगवतात, दिसत मात्र नाहीत.

"अगं, कोण येतंय ते तर बघू दे," हितेंद्र म्हणाला. "डोक्यावर आल्यावर टाक ना."

"डोक्यावर टाकला तर एकदाच ओरखडतो रे. वाटेत टाकायचा. जिथून आल्याशिवाय इलाजच नाही अशा अरुंद जागी. मग प्रत्येक पावलाला जखम. वर पोचलाच तर तू ढकल खाली, परत त्याच काट्यांतून."

"आणि आपल्याला उतरायचं असेल तर?" प्रितीनं विचारलं. दुपारभरातलं तिचं हे पहिलंच वाक्य.

"काट्यांना आपला-परका कळत नाही," मी म्हटलं. "मी मंत्र सोडेपर्यंत कुणीच उतरायचं नाही. माझं लक्ष त्याच्यावर आहे तोवरच तो टिकतो."

धम्मपालनं फासे टाकले.

खाली दुकानात जिन्याची पायरी वाजली.

शटर हितेंद्रनं आतून लावलं होतं, चावी त्याच्या खिशात होती. आम्ही त्याच्याकडे बघितलं, तो जिन्याकडे. लाकडी जिना मध्येच वळतो, त्यामुळे खालचं काही दिसत नाही. पुन्हा एक पायरी वाजली आणि मग दातांतून श्वास ओढल्याचा आवाज आला. पायात काही रुतलं की माणूस ओढतो ना, तसा.

"धम्मा, कोण आहे गोष्टीत?" मी हळूच विचारलं.

"मी अजून कुणाला आणलंच नाहीये..." तो म्हणाला.

माळ्यावर कायम खळीचा आणि कोऱ्या कापडाचा वास असतो. तो गेला होता. त्याच्या जागी ओला, हिरवा वास. ताजं झाड सोलल्यावर चीक निघतो, तसा. बाहेर बसचे हॉर्न चालू होते, पण फार लांबून ऐकू येत होते. आणि जिन्यावर पाऊल... थांबणं... कण्हणं... पुन्हा पाऊल.

"प्रिती..."

ती ताडकन उठली. आवाज अभयचा होता. आम्ही तिघांनीही ओळखला.

"प्रिती... काय आहे गं इथं... पाय फाटतायत माझे..."

"इराताई, काढ ते," प्रिती म्हणाली. "काढ ना. त्याला लागतंय."

मी कागदावरच्या जिन्यावरून नजर हलवली नाही. मला भीती वाटत होती आणि लाजही. तो अभय असेल तर मी त्याला पायरी-पायरीवर रक्तबंबाळ करत होते. आणि नसेल तर?

"इरावती," खालचा आवाज म्हणाला, "सोड ना गं."

अभय मला कधीच इरावती म्हणाला नव्हता. पहिल्या दिवसापासून इरा. पण मेलेलं माणूस काय काय विसरतं, हे मला कुठं ठाऊक होतं?

"नको सोडूस," हितेंद्र पुटपुटला. "इरा, नको."

धम्मपाल बहिणीचा हात धरून उभा होता. "प्रिती, तो अभय नाही. आपण त्याला स्वतः पोचवलंय ना..."

"दादा, हात सोड."

हिसका देऊन ती जिन्याकडे धावली. चपला आम्ही सगळ्यांनी खालीच काढल्या होत्या. पहिल्या पायरीवर तिनं अशी किंकाळी फोडली की माझे कान बधिर झाले. तरी ती थांबली नाही. दुसरी पायरी, तिसरी. नुसत्या लाकडी पायऱ्या, आणि तिच्या प्रत्येक पावलाखाली लाल डाग उमटत होता. धम्मपाल तिच्यामागे निघाला. पहिल्याच पायरीवर त्याचा पाय पोळल्यासारखा मागे आला.

काट्यांना आपला-परका कळत नाही.

"सोडला!" मी ओरडले. "मंत्र सोडला मी!" टेबलावरच्या सोंगट्या मी हातानं उधळून दिल्या.

सगळं शांत झालं. खळीचा वास परत आला. आम्ही खाली धावलो. वळणावर प्रिती एकटीच उभी होती. हात पुढं, कुणाच्या तरी कमरेला विळखा घातल्यासारखे. ती रडत नव्हती. शटर बंद, कुलूप जागच्या जागी. पायऱ्यांवरून मी हात फिरवला, गुळगुळीत लाकूड.

"घरी जाऊ या," प्रिती म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा आला होता.

परळच्या एका दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तळवे धुतले. "काटेरी तारेवर चाललात का?" आम्ही हो म्हटलं. आत काही मोडून राहिलं नव्हतं. पट्टी बांधायला त्यांनी पाऊल वळवलं आणि त्या थबकल्या.

पावलाच्या वरच्या बाजूलाही टोचल्याच्या खुणा होत्या. दोन्ही पायांवर. विस्कटलेल्या नाहीत, नीट एका आकारात. टाच, चवडा, पाच बोटं. प्रितीच्या पायापेक्षा मोठं पाऊल, आणि बोटं तिच्या घोट्यांकडे वळलेली. तळव्यांत काटे भरलेलं कुणीतरी तिच्याकडे तोंड करून तिच्या पावलांवर उभं राहावं, तसं.

धम्मपालनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

आम्ही पुन्हा खेळलो नाही. प्रिती आता जेवते, हसते, शेजारणींशी बोलते. तिची आई खूश आहे. फक्त ती सावकाश चालते, पाय फाकवून, ओझं उचलल्यासारखी. खालच्या मजल्यावरचे लोक विचारतात, वर एवढं जड कोण चालतं?

परवा धम्मपालचा फोन आला होता. म्हणाला, "इरा, तिचे तळवे कधीच बरे झाले गं. वरच्या जखमा मात्र... रोज सकाळी ताज्या असतात."