नसलेला पदर

लेकीचा तळहात लाल दिसला आणि पुनम हातातलं काम टाकून धावली.

दीड वर्षांच्या पोरीला तिने ओढून कडेवर घेतलं, बोटं उलगडली, मनगट चाचपलं. जखम कुठेच नव्हती. वास मात्र होता. ऑइल पेंटचा.

तिने भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे पाहिलं. चित्र १९९७ चं. आठ वर्षांनी ओलं कसं?

वारंगा फाट्यावर ट्रक रंगवणारा बंजारा तांड्यावरचा भावसिंग दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हा मागे एकोणीस चित्रं राहिली. ट्रॉलीच्या फळ्यांवर आणि पत्र्यांवर काढलेली. माणसांना बरगड्यांच्या जागी रोलर, आतड्यांच्या जागी पट्टे, बुबुळांच्या जागी नटबोल्ट. गावाने जन्मभर त्याला येडा म्हटलं. आता पुण्याचे लोक पुस्तक काढणार होते आणि उद्या फोटोग्राफर येणार होता. चित्रं शाळेच्या हॉलमध्ये मांडली होती. यादी करायचं काम गावच्या बी.ए. झालेल्या सुनेकडे, पुनमकडे आलं होतं.

हे सातवं चित्र. मळणीयंत्राच्या उघड्या तोंडात कोपरापर्यंत हात गेलेली बाई, घागरा-काचोळीतली, अर्धी हाडामांसाची, अर्धी लोखंडाची. वरच्या कोपऱ्यात झाडाला लोंबणारं लाल, आरशांचं गाठोडं. बाई म्हणजे शिला, भावसिंगची मुलगी. दहा वर्षांपूर्वी मळणीत गेलेली.

काल शिलाच्या अंगावर पदर नव्हता. आज होता. डाव्या खांद्यावरून निघून थेट यंत्राच्या पट्ट्यात शिरलेला, लाल, ओला.

"संतोषचं काम," मागून सोनाजी सर म्हणाले. ते शाळेचे चित्रकला शिक्षक, पुस्तकाची प्रस्तावना त्यांचीच. "गुरूच्या चित्रावर हात साफ केला. मी ठाण्यात फोन करतो."

"जरा थांबा, सर. आधी त्याला विचारू."

"तुम्ही लेकरू सांभाळा, ताई. हे तुमचं काम नाही."

पुनमची कानशिलं तापली. प्रस्तावनेचा कागद तिने उचलला आणि सातव्या चित्राचा परिच्छेद दोनदा वाचला.

मग ती बाहेर गेली. भावसिंगचा चेला संतोष ओट्यावर पाटी रंगवत होता.

"काल हॉलमधून शेवटी कोण निघालं?"

"मीच, ताई. पाच वाजता. किल्ली हापिसात खिळ्याला लटकवली."

"म्हणजे ती कुणीही घेऊ शकतं. आणि लाल रंग?"

"डबा माझाच. तिथंच ठिवला होता. काहून, काय झालं?"

"सातव्या चित्रात वर कोपऱ्यात काय आहे, सांग बरं."

संतोषने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने गाय म्हणजे काय असं विचारलं. "झोळी हाय ना. तुमच्या घरी न्हाई बांधत का?"

पुनम तशीच तांड्यावर गेली. भावसिंगची बायको चंदाबाई ज्वारी निवडत होती. शेजारी शिलाची मुलगी, दहा वर्षांची शितल.

"मावशी, त्या दिवशी शिलाच्या अंगावर ओढणी होती?"

"कशी राहील? ओढणीची झोळी बांधली व्हती निंबाला. झोळीत ही व्हती, सा महिन्याची." चंदाबाईने सूप खाली आपटलं. "कागदात लिवलं, लुगड्याचा पदर अडकून मेली. म्या म्हणलं, साहेब, आमच्या बाया लुगडं नेसत न्हाई, पदर आनला कुठून? तर म्हणे, बाई, पंचाची सही झाली. आन् पंच कोन? मशीनवालाच. हे सोनाजी सर."

शितल खाली बघत म्हणाली, "साळंत पोरी म्हणतात, तुझी माय बावळट व्हती. पदर खोसता येत नव्हता."

पुनमने कडेवरच्या लेकीला घट्ट धरलं. "चला माझ्यासोबत. दोघी पण."

हॉलमध्ये सर फोनची डायरी चाळत उभे होते. संतोषलाही तिने आत बोलावलं.

"सर, रंग संतोषचा आहे. चूक त्याची नाही."

"कशावरून?"

"वर झाडाला काय आहे?"

"कोश आहे. मृत्यूचा कोश. मी लिहिलंय तसं."

"ती शिलाची ओढणी आहे. आत तिचं लेकरू. एकच ओढणी झाडाला आणि पट्ट्यात, दोन्हीकडे कशी असेल? तांड्यावरचं कुणीही हा पदर काढणार नाही. झोळीला कोश समजणारा माणूसच काढेल."

"असं कुणीही समजेल."

"समजेल. पण हा पदर लुगड्याचा आहे, डाव्या खांद्यावरून आलेला. शिलाने तो कधी घेतलाच नाही. तो फक्त तुमची सही असलेल्या पंचनाम्यात होता. तिथून तो काल चित्रात आला. कारण भावसिंगकाकांनी यंत्राचं तोंड उघडं दाखवलंय, वर झाकणाचा पत्रा नाही. हात पदराने ओढला नाही, त्या उघड्या तोंडाने ओढला. उद्या हे छापून आलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, पत्रा कुणी काढला?"

सरांचा चेहरा काळवंडला. "त्या साली पत्रा सगळेच काढून ठेवायचे. पेंढ्या भरभर जायच्या. मी एकट्यानेच काढला होता का?"

आपण काय बोलून बसलो, ते सरांना मग कळलं.

"दहा सालं," चंदाबाई म्हणाली. "दहा सालं तुमी हे लपवलं, आन् या पोरीला फळ्यावर चित्रं काढायला शिकवून राहिले, गुरुजी. हिच्याकडं बघून."

संतोषने टर्पेंटाइनची चिंधी भिजवली. "काकू, ओलं हाय तवर पुसून घेतो. खालचं बराबर निघंल."

चंदाबाईने त्याचं मनगट धरलं. "आज न्हाई. उद्या फोटूवाल्याला आधी असंच काढू दे. मंग पुस, आन् दुसरा काढू दे. दोन्ही छापा शेजारी शेजारी."

पुनमने यादी उघडली. सातव्या ओळीत सरांच्या प्रस्तावनेतून उतरवलेल्या 'कोश' या शब्दावर तिने इतक्या जोरात रेघ मारली, की कागद फाटला. शेजारी लिहिलं: झोळी. आत शितल, वय सहा महिने. आईची ओढणी.

मग तिने पेन शितलच्या हातात दिलं. "बघ, बरोबर आहे ना?"

शितलने वाचलं. मग 'आईची' खोडून वर लिहिलं, 'मायची'.