चेटकिणीच्या डावावर बंद पडणारा खेळ

सुमित मेघालीच्या ऑफिसच्या दारात आला आणि कुमारने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. धामणकर नाक्यावर नवीन काहीच नव्हतं, ट्रकमागे ट्रक अडकले होते.

"मेघालीताई, माझी ड्युटी गेली," सुमित म्हणाला. "गेम मी मुद्दाम बिघडवतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

सुमितने कुमारकडे पाहिलंही नाही. कुमारचे कान तापले. दीपेशच्या गेमिंगच्या दुकानात, चार लोकांसमोर, सुमितला दगाबाज ठरवणारा तोच होता. त्यावरूनच दीपेशने सुमितला घरी बसवलं होतं.

मेघाली गोदामांतल्या चोऱ्या शोधणारी खाजगी तपासनीस, कुमार तिचा मदतनीस. काम संपलं की कुमार दीपेशकडे राजे-राक्षसांचा लढाईचा गेम खेळायला जायचा. सुमितने त्या गेममध्ये स्वतःचा मॉड घातला होता, म्हणजे आपल्या पदरची भर: एक चेटकीण आणि जखमा भरणारा नारळ. एकाच मशीनवर सगळे आळीपाळीने खेळायचे आणि शेवटी यायचा चेटकिणीचा डाव. रणात पडलेला एखादा सरदार निवडून ती त्याला भूत करून उठवायची. कधीमधी नेमका तेव्हाच गेम बंद पडायचा आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात जायची.

"दुकानात जाऊ," मेघाली म्हणाली. कुमार तिच्यामागून निघाला.

"मशीन बदलून बघितली," दीपेश म्हणाला. "तोच सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, उघडला की तिथेच बंद. सध्या एकच तोडगा, मागे जाऊन लढाई टाळायची. पण लढाईच नसेल तर गिऱ्हाईक कशाला येईल?"

नेहमी खेळायला येणारी माधवी म्हणाली, "माझे सरदार तर कितीदा भूत होऊन उठले, काही बिघडलं नाही. मेलेल्याची ढाल-तलवार मी आधीच काढून घेते. वाया कशाला घालवायची?"

"भूत तू काढलंस?" मेघालीने सुमितला विचारलं.

"हो. हात काय जमले न्हाईत, म्हणून नुसता धूर ठेवला. बाकी खोट न्हाय त्यात."

"कुमार, एक डाव खेळून दाखव."

कुमार तावातावाने बसला. त्याचा सरदार लढाईत पडला. त्याने सवयीने सरदाराच्या हातात नारळ ठेवला. अंजूर गावी त्याच्या घरून कुणी निघालं, तर आई रिकाम्या हाताने जाऊ देत नसे, हातावर नारळ ठेवायचीच. मग चेटकिणीचा डाव आला. तिने कुमारचाच सरदार निवडला आणि पडदा काळा झाला.

"बघितलंत?" कुमार सुमितकडे बोट करून म्हणाला. "याचंच काम हाय हे."

मेघालीने तोच सेव्ह पुन्हा उघडला. सरदाराच्या हातातला नारळ काढून घेतला आणि डाव संपवला. चेटकिणीने पुन्हा तोच सरदार निवडला आणि धुराचं भूत डुलत उठलं. गेम सुरूच राहिला.

"मशीन बदलूनही बंद पडतो, म्हणजे दोष मशीनचा नाही," ती म्हणाली. "माधवीचे सरदार उठतात, म्हणजे नुसत्या भुताचाही नाही. पण तिचे सरदार रिकाम्या हाताने उठतात. कुमार, तुझ्या सरदाराकडे नारळ असतो. गेम तो भुताच्या हातात द्यायला जातो, आणि भुताला हातच नाहीत. चेटकीण तुझा सरदार निवडते तेव्हाच हे होतं, म्हणून कधीमधी."

कुमारचं बोट अजून सुमितकडेच होतं. त्याने ते खाली घेतलं. जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"मग सोपं झालं," दीपेश म्हणाला. "नारळ ठेवायचा बंद." त्याने गल्ल्याजवळची दुकानाची चावी सुमितच्या हातात दिली. "संध्याकाळपासून ये."

"सुमित, मी तुला सगळ्यांसमोर दगाबाज म्हणालो," कुमार म्हणाला. "शोधायचं सोडून तुझ्यावर ढकललं. लाज वाटते रे मला."

सुमितने चावी खिशात टाकली आणि तो मशीनसमोर बसला.

"नारळ ठेवत जा, कुमारदादा. तुमच्या घरची रीत हाय ती," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "भुताला हात मी काढतो."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुमारला वाटलं. त्या 'दादा'पुढे त्याची मान काही वर होईना.