पुठ्ठ्याचं घर कुणी मोडलं?

दातांची डॉक्टर आली ती खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "माझं घर मोडलंय. कुणी मोडलं ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

आक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला. विम्याच्या दाव्यांमधल्या लबाड्या हुडकण्यात निम्मं आयुष्य घालवून त्यांनी स्वतःचं गुप्तहेराचं ऑफिस थाटलं होतं. शेजारच्या टेबलाशी त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावोजी, बसत. निवृत्त झाल्यापासून घरी त्यांचा फार उपद्रव व्हायला लागला होता. त्यामुळे ते इथे येत आणि स्वतःला मदतनीस म्हणवून घेत.

"घर पडलं?" भावोजींनी दचकून विचारलं.

"बांधायचंय अजून. घराचं मॉडेल मोडलं. पुठ्ठ्याचं." डॉक्टर धपकन बसली. "सध्या आम्ही मोठ्या दिरांच्या फ्लॅटमध्ये राहतो. दीर फिरतीवर आहेत. मॉडेल हॉलमध्ये होतं. काल दुपारी दवाखान्यातून आले तर तुकडे! घरात जाऊबाई एकट्या. आमचं घर व्हायला लागल्यापासून त्यांच्या पोटात दुखतंय."

"मॉडेल केलं कुणी?"

"आमच्या आर्किटेक्टने. ह्यांचा बालमित्र आहे तो. फक्त जिना माझा."

"म्हणजे?"

डॉक्टरच्या चेहऱ्यावर आत्ता कुठे जरा उजेड आला. "त्याने काढलेला जिना स्वयंपाकघराचा सगळा उजेड खात होता. तो महिनोन्‌महिने डोकं खाजवत होता, जमेना. एकदा मी एका पेशंटच्या जबड्याचा साचा ओतत होते. दातांची ती वळलेली ओळ बघितली आणि सुचलं! जिना असाच बाहेरच्या भिंतीला धरून वळवायचा. त्याला कागदावर दाखवला, तर म्हणाला, झकास. काल सकाळी मी त्याचा पुठ्ठ्याचा जिना काढला आणि आमच्या साच्याच्या प्लास्टरचा माझा जिना आत बसवला. जाऊबाईंनी पाहिला, ह्यांनी पाहिला. आर्किटेक्टला संध्याकाळी दाखवून चकित करणार होते."

"मोडल्यावर त्यांना काय कळवलंत?"

"फोनवर एवढंच, की मॉडेल मोडलं. पुढे मला बोलवेना."

आक्का आणि भावोजी तिच्याबरोबर फ्लॅटवर गेले. तुकडे तिने हलवले नव्हते. हॉलमधल्या टेबलाभोवती भिंती, खिडक्या, ओटे विखुरले होते. छप्पर बाजूला उताणं पडलं होतं. भावोजी गुडघ्यांवर बसले आणि दोन भिंती एकमेकींना लावून पाहू लागले.

"आक्का, बघा! कशा चपखल बसतात. सुटल्याच नव्हत्या जणू."

"कडा फाटल्यात?"

"छे, एकही नाही. चांगल्या दर्जाचा पुठ्ठा दिसतोय." ते उठले तेव्हा त्यांची काळी पँट गुडघ्यांवर पांढरीफटक झाली होती. "हे काय पीठ सांडलंय?"

"तो माझा जिना आहे," डॉक्टर म्हणाली.

आक्कांनी चिमूटभर चुरा बोटांत चोळला. एक पायरी अख्खी राहिली नव्हती.

थोरली जाऊ आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. दाराकडे तिची पाठ होती. आक्का आल्या तरी तिने मशीन थांबवलं नाही.

"मीच केलं असं धाकटी म्हणत असेल."

"तुम्ही काय म्हणता?"

आता मशीन थांबलं. "जळते मी. खोटं कशाला बोलू? धाकट्या दिराला मी हाताने जेवू घालून मोठं केलं. त्यांच्या नव्या घरात पाहुण्यांना खोली आहे, पुस्तकांना खोली आहे. आम्हाला 'तुम्ही कुठे झोपाल' असं कुणी विचारलंसुद्धा नाही. पण मोडायचंच असतं तर कात्री माझ्या हातात असते दिवसभर."

"काल दुपारी कुणी आलं होतं?"

"शिवायला टाकणाऱ्या बायका येत-जात असतात, म्हणून दार नुसतं लोटलेलं असतं. मशीन चालू असताना दार वाजल्यासारखं वाटलं. मी इथूनच 'बसा' म्हणून ओरडले. शिवण संपवून बाहेर आले तर कुणी नव्हतं. टेबलाकडे माझं लक्षच गेलं नाही."

डॉक्टरचा नवरा कॉलेजात गणित शिकवायचा. गॅलरीत तो नखं खात उभा होता.

"खरं सांगू? मोडलं ते बरंच झालं," तो पुटपुटला. "जेवताना जिना, झोपताना जिना. बायको माझी, मित्रही माझा, आणि दोघं नकाशावर डोकं घालून बसले की मी चहा आणून देणारा! इतकं हसून ती माझ्याशी कधी बोलली नाही."

"म्हणून मोडलंत?"

"मला ते नीट उघडताही येत नाही हो. मागे छप्पर काढायला गेलो तर कोपराच फाटला. केवढा ओरडला तो माझ्यावर! पुन्हा नवं छप्पर करावं लागलं त्याला."

खाली उतरताना भावोजी कुजबुजले, "नवराच! स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय."

"जळतोय एवढंच कबूल केलंय, भावोजी."

आर्किटेक्टचं ऑफिस नीटनेटकं होतं. भिंतीवर त्याने बांधलेल्या घरांचे फोटो होते आणि एकाही फोटोत माणूस नव्हतं.

"फार वाईट झालं," त्याने मान हलवली. "गेल्या आठवड्यानंतर मला तिकडे जायलाच जमलं नाही. मॉडेलचं काय, मी पुन्हा करीन. पण तो पांढरा जिना पुन्हा तसा उतरेल का, देव जाणे. हौसेने केला होता तिने."

"तुम्हाला आवडला होता?"

"वा! नवख्या माणसाला सुचलं त्या मानाने उत्तमच." हातातली पेन्सिल त्याने टेबलाच्या कडेला अगदी समांतर ठेवली.

संध्याकाळी आक्कांनी चौघांनाही त्या हॉलमध्ये बोलावलं. टेबलावर पुठ्ठ्याचं घर उभं होतं. भावोजींनी दुपारभर बसून ते जोडलं होतं. मधली जिन्याची जागा तेवढी मोकळी होती.

"एखाद्याने चिडून हे घर फोडलं असतं," आक्का म्हणाल्या, "तर पुठ्ठा चुरगळला असता, भिंती फाटल्या असत्या. पण इथे प्रत्येक भिंत जोडावरून अलगद सुटली आहे. आमच्या भावोजींना घरी साधं कपाट लावता येत नाही, त्यांनासुद्धा हे जोडता आलं."

भावोजींना ही स्तुतीच वाटली.

"छप्पर तर जराही दुखावलेलं नाही. प्राध्यापकांनी काढलं असतं तर कोपरा पुन्हा फाटला असता. वहिनींनी राग काढला असता तर कात्री चालली असती. हे घर ज्याने सोडवलं त्याला त्याचा जोड न् जोड माहीत होता, आणि त्याचा हात ते फाडायला धजत नव्हता. जिन्यावर मात्र त्याने मनसोक्त टाच फिरवली. बाकीचं घर मोडलं ते केवळ जिन्यावरचा राग दिसू नये म्हणून."

आर्किटेक्ट हसला. "अहो, मी आठवडाभरात इथे आलेलोच नाही."

"मग जिना पांढरा होता हे तुम्हाला कसं कळलं?"

भावोजींनी आपल्या पँटच्या पांढऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा आत तुमचा पुठ्ठ्याचा जिना होता. डॉक्टरांचा जिना त्यांनी काल सकाळी बसवला. फोनवर त्या जिन्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत, बाकी दोघांनीही तुम्हाला काही कळवलेलं नाही. मोडायच्या आधी इथे येऊन पाहिल्याशिवाय तो तुम्हाला दिसणार कसा?"

आर्किटेक्टने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"नकाशे द्यायला आलो होतो," तो म्हणाला. "माझा जिना कचऱ्याच्या डब्यात पडला होता, आणि तिचा... इतका सोपा होता! मी कॉलेजपासून हेच करतोय. मला सुचायला हवा होता. हिला दात बघता बघता सुचला. उद्या लोक घर बघायला आले असते आणि पहिल्यांदा जिन्याचीच वाहवा केली असती."

"आणि आळ वहिनींवर जाईल हे कळत असून गप्प बसलास?" नवरा ओरडला. त्याला मनातून बरंही वाटत होतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आर्किटेक्ट उठला. दारापर्यंत जाऊन थांबला. "वळणावरची तुळई वर घ्यावी लागेल," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "नाहीतर चढताना डोकं आपटेल."

"कागदावर काढून पाठवा," डॉक्टर थंडपणे म्हणाली. "त्याखाली जिना कुणाचा तेही लिहा. लिहिता आलं तर घर तुम्हीच बांधा. नाही आलं तर मी दुसरा आर्किटेक्ट बघेन."

तो मान खाली घालून जिने उतरून गेला. आक्कांनी भावोजींना डोळ्याने खूण केली. पण ते आपण जोडलेल्या घराच्या खिडकीतून आत बघण्यात दंग होते. शेवटी दंडाला धरून त्यांना बाहेर काढावं लागलं.

हॉलमध्ये दोघी जावा उरल्या.

"वहिनी, मी तुमच्यावर..."

"कालपासून तू मला चहा विचारला नाहीस, तेव्हाच समजलं मला."

"रागावलात?"

"रागावलेय. आणि जळतेय अजून. ते काही असं एका संध्याकाळीत जायचं नाही."

डॉक्टरने नकाशा टेबलावर पसरला, जावेला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि तिच्या हातात पेन्सिल दिली.

"तुमची खोली कुठे हवी?"

थोरलीने नाक ओढलं, पदराने डोळे टिपले, आणि पुस्तकांच्या खोलीवर सरळ काट मारली.